गोष्टीचं शेपूट

झेली पावाच्या दुकानात शिरली की ओर्तांसच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पोरीचे केस लालभडक होते, त्याला ती बिचारी काय करणार? पण ओर्तांसला हे सांगायची छाती गावात कुणाची होती! ती पाव मोजून द्यायची, वर "आणखी काही?" असं अशा सुरात विचारायची की गिऱ्हाइकाला घेतलेला पावसुद्धा परत ठेवावासा वाटावा. आणि हे गिऱ्हाईक म्हणजे तिच्या सख्ख्या भावाची बायको.

भाऊ म्हणजे बास्तियाँ. आई गेली तेव्हा तो जेमतेम चालायला लागला होता. ओर्तांसनं त्याला वाढवलं, भट्टीच्या उबेला निजवलं, मोठा झाल्यावर पिंपं बनवायचं काम शिकायला पाठवलं. स्वतः लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "मला काय, आयता मुलगा मिळालाय." आणि उन्हाळ्यात हा आयता मुलगा नदीपलीकडच्या गावातून लाल केसांची बायको घेऊन आला, पिंपांच्या कारखान्यावरच्या दोन खोल्यांत जाऊन राहिला, आणि ओर्तांसच्या घरात संध्याकाळी एकच ताट मांडलं जाऊ लागलं.

तेही तिनं सोसलं असतं. पण सेंट मार्टिनचा सण जवळ आला.

आमच्या शांव्हेर्नीत त्या दिवशी नवी वाइन उघडतात. हंस भाजायला भट्टीत टाकले की सगळं गाव द्राक्षं पिळायच्या शेडमध्ये जमतं आणि गोष्टी सुरू होतात. प्राण्यांच्याच, बरं का. शाळेत पाठ केलेल्या जुन्या चालत नाहीत, गोष्ट नवी हवी, स्वतः रचलेली हवी. माणसाचं नाव घ्यायचं नाही. गाढव म्हणायचं, आणि गाढव कोण ते गावानं ओळखायचं. तात्पर्य मात्र सांगणाऱ्यानं सांगायचं नसतं. तो तिथंच थांबतो आणि कुणाला तरी हाक मारतो: "शेपूट लाव!" त्या माणसानं ती गोष्ट आधी ऐकलेली नसावी. त्याला एक प्रश्न विचारता येतो, एकच, आणि मग तात्पर्य सांगावं लागतं. नाही म्हणायची सोय नाही. आणि एकाच माणसाला दिवसात दोनदा हाक मारता येत नाही.

वर्षानुवर्षं ओर्तांसनं गोष्ट सांगावी आणि बास्तियाँनं शेपूट लावावं, असं चाललं होतं. एका छपराखाली राहूनही ती त्याला गोष्टीचा वाससुद्धा लागू द्यायची नाही. पीठ मळताना मनातल्या मनात रचायची. आणि तो उभा राहून असं काही बोलायचा की शेड दणाणून जायची. लोक म्हणायचे, एक डोकं आहे दोघांचं. वर्षात इतर दिवशी ओर्तांसला कुणी काही म्हटलं नाही तरी चालायचं. हे एक वाक्य तिला हवं असायचं.

सणाच्या आदल्या आठवड्यात चीज विकणारी फिलोमेन दुकानात आली. या बाईला बातमी पोटात ठेवली की अपचन होतं.

"ऐकलंस का? तुझी भावजय पण गोष्ट सांगणार आहे. आन्सेल्मआजोबांकडं नाव देऊन आली."

"सांगू दे की. मला काय त्याचं?"

"नाही, मी आपलं म्हटलं. शेपटाला कोण असेल गं तिच्या?"

"मला काय ठाऊक!"

"कोण म्हणजे काय, नवरा घरात असताना दुसऱ्या कुणाला कशाला बोलावेल?" असं म्हणून फिलोमेननं पाव काखेत मारला आणि निघून गेली. आग लावून जायची आणि धूर बघायला थांबायचं नाही, ही तिची जुनी रीत.

संध्याकाळी बास्तियाँ आला तेव्हा ओर्तांसनं पावाच्या पाट्या पुसता पुसता सहज विचारल्यासारखं विचारलं, "यंदा शेपटाला आहेस ना रे माझ्या?"

तो हसला. "ते त्या दिवशी बघू ना, ताई."

"बघू म्हणजे?"

"बघू म्हणजे बघू. आत्ताच सगळं सांगितलं तर मजा काय?" आणि तो परत हसला, स्वतःशीच, लहानपणी काही लपवताना हसायचा तसा.

झालं! ओर्तांसला जे समजायचं ते समजलं. रात्रभर ती या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली. पोरीनं घर नेलं, संध्याकाळ नेली, आता हेही नेणार. मग तिला सुचलं की वयानं मोठा असेल त्याची गोष्ट आधी होते. म्हणजे आपण आधी हाक मारायची. एकदा हाक मारली की बास्तियाँ संपला. बस म्हणावं मग हात चोळत! आणि गोष्टही तिला तिथंच सुचली. अशी की ऐकून त्या पोरीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या पाहिजेत.

सणाच्या दिवशी शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पालथ्या पिंपांवर फळ्या टाकून बाकं केली होती. म्हातारा आन्सेल्म लाकडी हातोडा घेऊन बसला होता. गोष्ट सुरू करायची तरी ठोका, संपली तरी ठोका. झेली बास्तियाँच्या शेजारी होती, केस नीट बांधून आलेली. ओर्तांसनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणजे बघितलं, पण बघत नाही असं दाखवून.

ठोका पडला. ओर्तांस उभी राहिली.

"एका अंगणात एक कोंबडी होती," तिनं सुरुवात केली. कोंबडीला दुसऱ्या एका मेलेल्या कोंबडीचं पिल्लू मिळालं. तिनं ते पंखाखाली घेतलं, चोचीतला दाणा काढून दिला, थंडीत स्वतः उघडी पडली पण पिल्लाला उघडं पडू दिलं नाही. पिल्लाचा रुबाबदार कोंबडा झाला. मग एक दिवस कुंपणाशी कोल्हीण आली.

"लाल होती," ओर्तांस म्हणाली आणि क्षणभर थांबली. "चांगली लालभडक. नदी ओलांडून आलेली."

शेडमध्ये खसखस पिकली. काही माना वळल्या. झेलीचा चेहरा केसांइतकाच लाल झाला.

कोल्हीण गोड बोलली, म्हणाली काय तुमचा तुरा, काय तुमचा आवाज. कोंबडी ओरडून सांगत राहिली, अरे तिचे दात बघ. कोल्हीण म्हणाली, म्हातारीचं काय मनावर घेता? असं रोज. कोल्हिणीच्या बोलण्याची नक्कल ओर्तांसनं इतकी फक्कड केली की हसता हसता फिलोमेनच्या डोळ्यांतून पाणी आलं. शेवटी एका सकाळी अंगणात कोंबडा नव्हता. कुंपणापलीकडं चार पिसं पडली होती.

"बास्तियाँ," ओर्तांसनं हाक मारली, "शेपूट लाव!"

हशा पार थांबला. गंमत कुठवर आणि कुठून पुढं ती गंमत उरत नाही, हे गावाला बरोबर कळतं. बास्तियाँ सावकाश उभा राहिला. तो रागावला होता का, हे ओर्तांसला कळेना, आणि ते कळेना म्हणूनच ती पहिल्यांदा घाबरली.

"एक प्रश्न आहे माझा," तो म्हणाला. "कोंबडा काय म्हणाला?"

"कधी?"

"कधीही. कोंबडी बोलली, कोल्हीण तर पोटभर बोलली. कोंबडा काय म्हणाला?"

गोष्ट ओर्तांसनं मनात सुरुवातीपासून फिरवून पाहिली. कोंबडा एक अक्षर बोलला नव्हता. त्याला काही बोलायला द्यावं, हे पीठ मळताना तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"काही नाही म्हणाला," ती कशीबशी म्हणाली.

"मग हे घ्या शेपूट. कोंबडीला पिल्लू हवं होतं, आरवणारा कोंबडा नको होता. कोल्हीण आली नसती तरी तो कुंपणाबाहेर गेलाच असता."

तो बसला. कुणी हसलं नाही, कुणी टाळी वाजवली नाही. आन्सेल्मनं हातोडा हळूच टेकवला. ओर्तांसला भर बाजारात थोबाडीत बसल्यासारखं झालं. बसताना बाक कुठं आहे तेही तिला दिसेना.

"पुढचं नाव झेली," आन्सेल्म म्हणाला.

"नाही सांगितली तर नाही का चालणार, आजोबा?" झेलीनं बसल्या जागेवरूनच विचारलं.

"नाव दिलं म्हणजे दिलं, पोरी. ऊठ."

झेली उठली. तिला ओर्तांससारखी नक्कल येत नव्हती, हातवारेही नव्हते. ती पायांकडं बघत बोलत होती.

एका घरात एक माणूस होता आणि त्याची जुनी कुत्री होती. चुलीपुढची जागा कुत्रीची. एका पावसात दारात मांजर आली. कुत्री गुरगुरली. मांजर म्हणाली, तुझी जागा नको मला, तुझी थाळीही नको. पण मी या घरात नवी आहे. मालक खोकला तर काय करायचं, मला माहीत नाही. तो गप्प बसला तर रागावलाय की आणखी काही, तेही कळत नाही. मी घाबरून दुसऱ्या खोलीत जाऊन बसते. तुला सगळं ठाऊक आहे. सांगशील का? असं विचारून मांजर उंबऱ्यावरच थांबली. कुत्री उठून उभी राहिली.

"एवढीच गोष्ट आहे," झेली म्हणाली. मग तिनं मान वर केली. "ओर्तांसताई, शेपूट तुम्ही लावायचं."

शेडभर कुजबुज झाली. ओर्तांस दचकून उठली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "मला? बास्तियाँला का नाही?"

"त्याला तर आधीच हाक गेलीये, पुन्हा कशी जाईल? आणि तसंही तो चालला नसता. त्यानं ऐकलीये गोष्ट. मला नियम कुठं माहीत होता? सुचली तशी जेवताना सांगून टाकली. तो म्हणाला, मी तर बाद झालो, ताईला बोलाव, ती खूश होईल. म्हणून त्यानं तुम्हाला काही सांगितलं नाही."

आन्सेल्मनं ठोका दिला. "प्रश्न झाला, ओर्तांस. आता तात्पर्य."

बघा काय चूक झाली होती! जिनं सख्ख्या भावालाही गोष्टीचा वास लागू दिला नाही, तिच्या डोक्यात हे यावं कुठून, की एखादी बाई गोष्ट सुचली तशी ताटावर बसून नवऱ्याला सांगून मोकळी होईल? तिला स्वतःची लाज वाटली. खरी वाटली. पण खोटं कशाला सांगू, त्याच दमात जळफळाटही झाला, आधीपेक्षा जास्त. म्हणजे हे दोघं जेवताना असं बोलतात तर! आपण इतकी वर्षं त्याच्यासमोर बसून जेवलो, आणि पाव संपला का, याशिवाय काय बोललो?

जिभेवर एक शेपूट तयार होतं. मांजर आधी विचारते आणि मग मालकाच्या खुर्चीवर चढते. बोलली असती तर फिलोमेन बाकावरून पडली असती हसून. गेलेली अब्रू एका वाक्यात परत आली असती. बास्तियाँ तिच्याकडं टक लावून बघत होता. तिच्या जिभेवर काय आहे ते त्याला कळलं होतं. एक डोकं होतं ना दोघांचं. आपण हे बोललो तर तो परत दुकानात येणार नाही, हे ओर्तांसला स्वच्छ दिसलं. पाव घ्यायलासुद्धा येणार नाही.

"कुत्री सरकली," ती म्हणाली.

सगळे वाट बघत होते.

"सरकली, पण खुशीनं नाही. जीव जळत होता तिचा. आता शेपूट ऐका. जळत्या जीवानं दिली तरी जागा ती जागाच असते. मांजरीनं ती मुकाट्यानं घ्यावी, आणि वर कुत्रीनं हसावं अशी अपेक्षा ठेवू नये."

आधी आन्सेल्मच हसला, हातोडा बाजूला ठेवून, पोट धरून. मग सगळी शेड हसली. पिंपांची बुचं निघाली, हंस आणायला पोरं भट्टीकडं पळाली. झेली गर्दीतून वाट काढत ओर्तांसजवळ आली आणि बाकाच्या कडेला टेकली. ओर्तांसनं तिच्याकडं बघितलं नाही.

"तुम्हाला खरंच इतका राग येतो माझा?" झेलीनं हळू आवाजात विचारलं.

"येतो. आत्ताही येतोय."

झेलीनं मान हलवली. समोर बास्तियाँ पेला हातात घेऊन एकटाच उभा होता, कुणाशी बोलत नव्हता. झेली त्याच्याकडं काळजीनं बघत राहिली. "आता घरी जाऊन काय होणार कोण जाणे," ती पुटपुटली. "किती रागावलाय बघा."

ओर्तांसनं ओठ आवळले. गप्प राहता आलं असतं. ही एक गोष्ट तरी अजून तिची एकटीची होती.

"रागावला की तो बडबडतो," ती शेवटी म्हणाली. "गप्प आहे म्हणजे भूक लागलीये. हंसाची तंगडी दे नेऊन त्याला."

झेली उठून लगबगीनं गेली, आणि ओर्तांसला वाटलं, उगाच सांगितलं.