कडुनिंबाखालचं मीठ

ज्ञानदेवचा आयुष्यात दोनच गोष्टींवर विश्वास. एक स्वतःवर आणि दुसरा मिठावर. भोसरीच्या एका फाउंड्रीत तीस वर्षं भट्टीपुढं उभा राहिलेला माणूस तो. उन्हाळ्यात घामानं अंग निथळायचं, पोटऱ्यांत गोळे यायचे आणि सुपरवायझर मीठ-साखरेच्या पाण्याची बादली फिरवायचा. रिटायर झाल्यावर त्याला सायकलचं वेड लागलं, तेव्हा हेच औषध त्यानं साहेबरावच्या गळी उतरवलं.

साहेबराव त्याच भट्टीवरचा जोडीदार, राहायला चिखलीत. दर रविवारी दोघं मोशी, चाकण करत राजगुरुनगरला जाऊन यायचे. आधी बबनरावही असायचा, पण त्याला शुगर निघाली आणि ज्ञानदेवनं त्याला घरी बसवलं. दोघांच्याही बाटल्या ज्ञानदेवच भरून आणायचा. लिंबू, साखर आणि मीठ तर हात सैल सोडून. चाकणच्या पुढं एका कडुनिंबाखाली थांबायचं ठरलेलं. तिथं साहेबराव बाटली घेऊन झाडामागं जायचा. खारट पाणी पिताना माझं तोंड वाकडं होतं, ते तू बघू नको, म्हणायचा. ज्ञानदेव त्याला नवरीबाई म्हणून चिडवायचा.

आणि एवढं करून गोळे यायचेच की! परतीच्या वाटेवर साहेबराव हमखास उतरायचा आणि पोटरी धरून रस्त्याच्या कडेला बसायचा. शेजारून कंटेनर धडधडत जायचे. बरंच पुढं गेलेला ज्ञानदेव वैतागून मागं यायचा. एवढं मीठ पाजतोय तरी गोळा येतोच कसा, नाटकं करतोस का, म्हणून झापायचा. पुढच्या रविवारी अजून एक चमचा मीठ वाढायचं.

मग एका बुधवारी साहेबराव घरातच कोसळला. बीपी वाढून मेंदूत रक्तस्राव झाला. दवाखान्याच्या जिन्यात ज्ञानदेवला कळलं, की साहेबरावला दोन वर्षांपासून बीपी होता आणि डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं. संध्याकाळी साहेबराव गेला.

आपल्या हातानं आपण मित्राला मारलं, हे ज्ञानदेवच्या डोक्यातून जाईना. मयतीला तो सगळ्यांच्या मागं उभा राहिला, पुढच्या दिवसांना गेलाच नाही. भाजीत मीठ बरोबर आहे का, असं बायकोनं नुसतं विचारलं तरी त्याला घास गिळवायचा नाही. महिना उलटल्यावर मन घट्ट करून तो चिखलीला गेला आणि साहेबरावच्या बायकोपुढं, कुसुमताईंपुढं, त्यानं सगळं कबूल केलं.

कुसुमताईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग तो दर रविवारी भरून द्यायचा तीच बाटली आतून आणून समोर ठेवली.

"भाऊजी, यातला एक घोट कधी त्यांच्या पोटात गेला नाही. झाडामागं ओतून द्यायचे आणि टपरीवर साधं पाणी भरून घ्यायचे."

ज्ञानदेवच्या छातीवरचा धोंडा उतरला. तो तिथंच लहान पोरासारखा रडला. रडून झाल्यावर त्यानं विचारलं, मग मला सांगितलं का नाही?

"बबनरावांना काय म्हणाला होतात तुम्ही? आजारी माणसानं घरात बसावं, आमच्या गळ्यात पडू नये. त्यालाच घाबरले हो हे. त्यांचा रविवार गेला असता."

चहा पिता पिता हसत बोललो होतो आपण ते, ज्ञानदेवला आठवलं. साहेबरावही हसला होता तेव्हा.

मग ते गोळे, त्यानं कसंबसं विचारलं. कुसुमताईंनी बाटलीचं झाकण उगाच घट्ट केलं. रविवारी दुपारी मी तेल चोळून द्यायचे, म्हणाल्या. सायकलला डॉक्टरांची ना नव्हती, फक्त हळू चालवा म्हणाले होते.

"हे म्हणायचे, ज्ञानानं जरा दमानं घेतलं तर मला गोळा येणारच नाही. पण तुम्ही मागं वळून बघायचाच नाहीत."

ज्ञानदेवनं बाटली सायकलला लावली. वर बसायचं त्याच्यानं झालं नाही. चिखलीपासून निगडीतल्या घरापर्यंत तो सायकल हातात धरून चालत आला, दर थोड्या वेळानं मागं वळून बघत.