दुरेघी वहीचा कर

निवडणुकीला सहा आठवडे उरले असताना अर्थसंकल्प आला आणि त्यात शाळेच्या साहित्यावरचा कर रद्द झाला. ऐकायला गोष्ट साधी होती. वह्या-पेन्सिली स्वस्त झाल्या, एवढंच कुणीही म्हणेल. वह्या-पेन्सिली विकणाऱ्या काकूही त्या संध्याकाळी एवढंच म्हणाल्या आणि दुकान बंद करून घरी गेल्या. चौथ्या दिवशी कर कार्यालयातून पत्रक आलं आणि तेव्हापासून काकूंची झोप उडाली.

पत्रकात दोन याद्या होत्या. पहिल्या यादीत फक्त मुलंच वापरतात अशा वस्तू: पाटी, दुरेघी वही, अक्षरांचे तक्ते. यांच्यावर आता कर उरला नव्हता. पण म्हणूनच त्या विद्यार्थ्यालाच द्यायच्या, आणि नोंदवहीत त्याचं नाव, इयत्ता आणि पालकाची सही घ्यायची; चुकलं तर दुकानदाराला दंड. दुसऱ्या यादीत सगळेच वापरतात अशा वस्तू: पेन्सिल, खोडरबर, पट्टी, खडू, डिंक. तशीच नोंद करून विद्यार्थ्यासाठी घेतली तर कर नाही, मोठ्यांसाठी घेतली तर पूर्वीइतकाच. म्हणजे एकाच डब्यातल्या दोन पेन्सिली, एक कराची आणि एक बिनकराची, आणि कोणती कुठली हे गिऱ्हाइकाचं तोंड बघून ठरवायचं.

त्यामुळे काकू प्रत्येकाला एकच प्रश्न विचारू लागल्या, "कोणासाठी?"

लोकांनाही उत्तरं सुचू लागली. समोरचा केशकर्तनवाला पट्टी घ्यायला आला तो शेजाऱ्यांच्या मुलीचं बोट धरून. तीच मुलगी दुपारी बेकरीवाल्याबरोबर आली आणि संध्याकाळी आणखी एकाबरोबर. तिसऱ्या दिवशी काकूंनी नोंदवही उघडून दाखवली. "हिच्या नावावर अकरा पट्ट्या झाल्यात. ही काय पूल बांधणार आहे?" त्यानंतर उसनी मुलं बंद झाली. पण नावं-सह्यांपायी दुकानापुढे रोज रांग लागू लागली.

शिवणकाम करणाऱ्या बाई मात्र हटेनात. "मी खडू घेते तो फ्रॉक बेतायला. फ्रॉक ज्या मुलीचा, ती शाळेत जाते. मग खडू शाळेचा नाही का?"

"ती मुलगी खडूने लिहिते का?"

"ती नाही, मीच तिच्यावर लिहिते!"

काकूंनी डोक्याला हात लावला आणि खडू बिनकराचा दिला.

दुकानाबाहेरच्या स्टुलावर रोज सकाळी पेपर घेऊन बसणारे एक गृहस्थ होते. आयुष्यभर पोस्टाच्या खिडकीमागे बसून निवृत्त झालेले. आजूबाजूच्यांना अर्थसंकल्प समजावून सांगायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं.

"पोस्टवाले काका, ते दुसऱ्या करात सूट मिळाली म्हणतात. पगारावरच्या. मला किती परत मिळणार?" शिवणवाल्या बाईंनी विचारलं.

"तुम्ही तो कर भरता का?"

"नाही बाई. मी कुठला भरायला!"

"मग तुम्हाला काही नाही. जे भरतात त्यांनाच सूट."

बाईंनी बोटांवर काहीतरी हिशेब केला. मग म्हणाल्या, "बघा म्हणजे. आधीपासून भरत आले असते तर आज फायदा झाला असता."

 पोस्टवाल्या काकांनी पेपरचं पान उलटलं.

तेवढ्यात मुकादम आले.

मुकादम म्हणजे बांधकामावरचे. तीस वर्षं गवंडीकाम करून मुकादम झालेले. भिंत बोटभर जरी वाकडी असली तरी लांबून ओळखणारे. पण अक्षर मात्र त्यांना ओळखता येत नव्हतं. आजवर त्यावाचून अडलंही नव्हतं. गेल्या महिन्यात कंत्राटदाराने सांगितलं, "नवं काम सुरू झालं की रोजचा अहवाल मुकादमाने स्वतः लिहायचा. जमत असेल तर ठीक, नाहीतर दुसरा माणूस बघतो." त्या दिवसापासून मुकादम संध्याकाळी शाळेतल्या मोठ्यांच्या वर्गात जाऊन बसू लागले. बाक इतका लहान, की गुडघे कानाला लागायचे. वर्गातल्या बाई म्हणाल्या, "तुमचं अक्षर पतंगासारखं वर-खाली जातंय. दुरेघी वही घ्या, दोन रेघांत बसवा." पहिली वही काल संपली. नवं काम सुरू व्हायला आता वीस दिवस होते. मोठ्या रस्त्यावरच्या दुकानाने दंडाच्या भीतीने दुरेघी वह्या ठेवणंच बंद केलं होतं.

हे सगळं फक्त मुकादमांच्या बायकोला ठाऊक होतं. इतर कुणाला कळलं असतं तरी एक वेळ चाललं असतं, पण पोस्टवाल्या काकांना कळून चालणार नव्हतं. कारण ते मुकादमांचे व्याही. मुलगी त्यांच्या घरात दिलेली. ते घर पुस्तकांचं, पेपरांचं, आणि मुलीचा बाप अंगठाबहाद्दर! तीन वर्षं मुकादमांनी ही गोष्ट झाकून ठेवली होती. व्याह्यांनी पेपर पुढे केला की ते म्हणायचे, "तुम्हीच वाचा. तुमच्या तोंडून ऐकलं की डोक्यात बसतं." व्याही खूश होऊन मोठ्याने वाचत.

व्याही पेपरात डोकं घालून बसलेत हे बघून मुकादम पाठीमागून, रांगेच्या कडेने फळीपाशी गेले आणि हळूच म्हणाले, "काकू, एक दुरेघी वही."

"कोणासाठी?"

"कर लावा की. माझी काही तक्रार नाही."

"तुमची नसेल, माझी आहे. दुरेघीला करच राहिला नाही, तर लावू कुठला? नाव सांगा, इयत्ता सांगा."

"कोण? व्याही का?" मागून आवाज आला. पेपर खाली झाला होता. "अहो या, या! सकाळी सकाळी इकडे कुठे?"

 पहिलं जे सुचलं ते मुकादम बोलून गेले. "नातीसाठी वही घेत होतो."

"कुठल्या नातीसाठी?"

मुकादमांना एकच नात होती. आणि तीच व्याह्यांचीही होती.

"आपल्याच," मुकादम म्हणाले.

"आपल्या?" व्याही उठून उभे राहिले. "अहो, ती आठ महिन्यांची आहे. तिला अजून धड बसता येत नाही. काल तिने माझा पेपर खाल्ला!"

रांगेत हशा पिकला. मुकादमांनी घाम पुसला. "ते खरं. पण आत्ता कर नाही ना. घेऊन ठेवतो. पुढे काय होईल कुणी सांगावं."

व्याही एकदम गंभीर झाले. त्यांनी मुकादमांच्या खांद्यावर हात ठेवला आणि रांगेकडे वळून म्हणाले, "ऐकलंत? याला म्हणतात लांबचं बघणं. मी रोज पेपर वाचतो, पण माझ्या डोक्यात हे आलं नाही."

"म्हणजे निवडणूक झाली की कर परत येणार?" केशकर्तनवाल्याने विचारलं.

"असं मी म्हटलं नाही."

"पण मुकादम म्हणाले ना."

"कर परत येणार?" रांगेच्या शेवटून आवाज आला. "कुणी सांगितलं?"

"पेपरात आलंय म्हणे."

"पेपर माझ्या हातात आहे!" व्याही ओरडले. "कुठे आलंय?" आणि आपणच घाईघाईने पानं चाळू लागले.

पण आता ऐकणार कोण. ज्यांची मुलं पहिली-दुसरीत होती ते पुढे घुसले. शिवणवाल्या बाईंनी दोन भाच्यांच्या नावावर दोन वह्या घेतल्या. एका आजोबांनी तीन नातवंडं मोजली. काकू नावं लिहीत होत्या, सह्या घेत होत्या. "एकेकाने बोला रे, मला दोनच हात आहेत!" बारा वह्यांचा गठ्ठा होता. मुकादम कडेला उभे राहून तो उतरताना बघत राहिले. आपणच लावलेली आग, आणि जळत होतं तेही आपलंच घर.

फळीवर एक वही उरली.

"ती मला द्या," केशकर्तनवाला म्हणाला. "मुलासाठी. नववी."

"नववीला दुरेघी?"

"अक्षर बघाल तर तुम्हीच आणखी एक द्याल."

"थांबा, थांबा," व्याह्यांनी मध्ये हात घातला. "नातीसाठी आधी आम्ही मागितलीय. मी आजोबा आहे, सही करतो. इयत्ता लिहा... लिहा बालवाडी."

"पेपर खाणारीला बालवाडी लिहू?" काकू म्हणाल्या. "उद्या तपासायला आले तर तिला घेऊन यायचं का? नववी निदान खरी तरी आहे." त्यांनी पेन उचललं.

मुकादमांनी वीस दिवस मोजले. काल संध्याकाळी त्यांना पहिल्यांदाच एक आख्खा शब्द चुकल्याशिवाय लिहिता आला होता. वर्गातल्या बाईंनी त्याखाली बरोबरची खूण केली होती, आणि रात्री बायकोने ती खूण दोनदा बघितली होती.

"काकू, लिहू नका," ते म्हणाले. "वही माझ्यासाठी आहे."

"तुमच्यासाठी म्हणजे?"

"मी शिकतोय. शाळेत संध्याकाळचा वर्ग असतो. इयत्ता पहिली."

 मुकादमांनी व्याह्यांकडे बघितलं नाही. ते वहीच्या पुठ्ठ्याकडे बघत राहिले.

शेवटी शिवणवाल्या बाईच बोलल्या. "मग आता प्रश्न असा, की हे मोठे की विद्यार्थी?"

"दोन्ही," केशकर्तनवाला म्हणाला.

"दोन्हीचा रकाना नाही," काकू म्हणाल्या. त्यांनी पत्रक पालथं करून बघितलं, सुलटं करून बघितलं. "विद्यार्थी म्हणजे कोण, हे यात लिहिलेलंच नाही. मी समजत होते, ते सगळ्यांना माहीत असतं."

"वयाची अट?"

"वयाचाही रकाना नाही."

"मग झालं तर! लिहा."

"लिहिते. पण पालकाची सही लागेल."

"माझे वडील जाऊन बावीस वर्षं झाली," मुकादम म्हणाले.

"मी काय करू? सहीशिवाय दिली तर दंड मला."

"बायकोची चालेल का?" केशकर्तनवाल्याने विचारलं. नववीचा मुलगा तो केव्हाच विसरला होता. "मी बोलावून आणतो."

"ती कामावर गेली." मुकादम फळीपासून मागे सरकले. "राहू द्या, काकू."

तेव्हा व्याह्यांनी पेपरची घडी घातली, ती काखेत धरली आणि फळीवरचं पेन उचललं. नोंदवही स्वतःकडे वळवली. पोस्टात हजारो वेळा केली असेल तशी टपोरी सही केली.

"नातं काय लिहू?" काकूंनी विचारलं.

"व्याही."

"आई, वडील, पालक, यातलं एक पाहिजे."

"मग पालक लिहा. पण शेजारी बारीक अक्षरात व्याही लिहून ठेवा. नाहीतर साहेब विचारतील, एवढा घोडा मुलगा कुणाचा म्हणून."

रांग हसली. मुकादमही हसले, पण त्यांना नीट हसता आलं नाही. वही कागदात गुंडाळून घेऊन ते निघाले, आणि व्याही बरोबर चालू लागले.

दोघं कोपऱ्यापर्यंत आले. आता मुलीच्या सासरी संध्याकाळी हाच विषय निघणार, असं मुकादमांच्या मनात चाललं होतं.

"तीन वर्षं," व्याही एकदम म्हणाले. "तीन वर्षं मी तुम्हाला पेपर वाचून दाखवतोय. तुम्ही मान डोलावत होतात. ती समजून, की आपली उगाच?"

"समजून. देवाशप्पथ. हा अर्थसंकल्प तेवढा नाही समजला. तुम्ही चार वेळा वाचलात, आणि चारही वेळा तो मला वेगळा वाटला."

व्याही थांबले. इकडेतिकडे बघून आवाज खाली आणून म्हणाले, "मलाही नाही समजला. मला स्वतःला सूट आहे की नाही, तेच कळत नाही. पेन्शन धरली तर आहेसं वाटतं. व्याज मिळवलं की नाही. परत वाचलं की परत आहे. मुलाला विचारायचं म्हटलं तर तो म्हणेल, गल्लीला शिकवता आणि तुम्हालाच कळत नाही."

"मग आता?"

"आता काय. उद्या परत वाचायचा."

मुकादमांनी वही एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "माझं घरी सांगू नका, व्याही. मला लिहिता आलं की मीच चिठ्ठी पाठवीन मुलीला."

"मी कशाला सांगतोय. पण सही माझी आहे तिथे. उद्या कुणी विचारलं, मुलाची प्रगती कशी आहे, तर मला उत्तर द्यावं लागेल." ते गंमत करत होते की खरंच काळजी करत होते, हे मुकादमांना कळेना. "वर्ग किती वाजता असतो?"

"सात."

"आणि गृहपाठ?"

"कालचा राहिलाय. वहीच नव्हती ना."

"मग दुपारच्या सुट्टीत करा. आणि संध्याकाळी काम लांबलं, दमलो, असली कारणं नकोत. सातला म्हणजे सातला बाकावर."

"हो," मुकादम म्हणाले आणि कामाच्या वाटेला लागले.

व्याही तिथेच उभे राहिले. आपण हे काय बोलून गेलो? सुनेच्या वडिलांना, मानाच्या व्याह्याला, असं भर रस्त्यात दटावायचं असतं का? सही केली म्हणून चालत असावं. किंवा नसावंही. त्यांनी सवयीने पेपर उघडला, पण यावर त्यात काहीच नव्हतं.