तिसरा रविवार

"आई, तुमच्या लग्नाचा दाखला कुठे ठेवलाय?" नायजेल कपाटाचे खण उपसत होता. "लंडनला पाठवायचाय. त्याशिवाय लॉर्डांच्या यादीत माझं नाव चढत नाही."

माझ्या नवऱ्याला, हॅरॉल्डला पुरून नऊ दिवस झाले होते. नऊ दिवस नायजेल, लॉर्ड करतात तशी, आडनाव सोडून नुसत्या किताबाच्या नावाने 'स्केलबेक' अशी सही करत होता, दूधवाल्याच्या चिठ्ठीवरसुद्धा. साठीचा माझा मुलगा. हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकणारी गाडी चालवून निवृत्त झालेला. बायको सोडून गेली, मूलबाळ नाही. एवढी एकच गोष्ट त्याच्याकडे यायची होती.

घराण्याचे किताबाखेरीज काहीच उरले नव्हते. तोही दीडशे वर्षे विझलेला. हॅरॉल्डच्या आजोबांनी चर्चच्या जुन्या वहीत एका पूर्वजाच्या लग्नाची नोंद शोधली, तेव्हा तो परत मिळाला. आजोबांमागून वडील, मग हॅरॉल्ड. तो जन्मभर दूध काढायच्या यंत्रांचे पंप दुरुस्त करत राहिला. "लॉर्डसाहेब, गाई खोळंबल्यात, जरा पाय उचला," असे फोन यायचे आणि तो हसत पान्यांची पेटी उचलायचा.

"आधी बस," मी म्हटले आणि शिवणाच्या डब्यातून दाखला काढून दिला.

त्रेसष्ट सालचा तो हिवाळा. हॅरॉल्ड वीस वर्षांचा. एकविशीच्या आत लग्नाला वडिलांचा होकार लागायचा आणि तो त्यांनी नाताळापर्यंत अडवून धरला. मला तेव्हा आठवा सरत आला होता. लग्नाआधी चर्चमध्ये तीन रविवार नावे पुकारावी लागतात. दोन रविवार पुकारली. तिसऱ्या रविवारी खिंड बर्फाने बंद झाली, पाद्री पोचलाच नाही. बुधवारी नायजेल झाला. लग्न मार्चमध्ये लागले. पुढे आम्ही लग्नाचा वाढदिवस एक वर्ष मागे सरकवला. पन्नासाव्याचा केकही तसाच कापला. लग्नाआधी जन्मलेल्या मुलाला किताब मिळत नाही, मागाहून केलेल्या लग्नानेही नाही.

नायजेलने तारीख दोनदा वाचली.

"बाबांना ठाऊक होतं?"

"हो."

"मग आता कोण?"

"कोणी नाही रे."

तो म्हणाला, "एकच रविवार, आई." दाखला जुन्या घड्यांवरच दुमडून त्याने माझ्या हातात दिला.

सकाळी दारात रिकाम्या बाटलीखाली दूधवाल्यासाठी चिठ्ठी होती. 'आजपासून एकच बाटली.' खाली शाळेतल्या मुलासारखे, एकेक अक्षर सुटे काढून, आडनावासकट पूर्ण नाव लिहिले होते: नायजेल थ्रेल्फॉल.