आडव्या रेघेपुढची जागा

कितीतरी महिन्यांनी दारिओ रविवारी जेवायला आला, आणि आईच्या टेबलावर त्याने पिशवीतून स्वतःची बाटली काढली. तीत कसलीशी राखाडी पूड कालवली आणि घोट घेत रॅव्हिओलीच्या वाडग्याकडे असा बघत राहिला, जणू आत उंदराचं औषधच घातलंय. असुंताने, त्याच्या आईने, भल्या सकाळी उठून पिठाच्या त्या सारणभरल्या घड्या केल्या होत्या, एकेक कड बोटाने दाबून. चाळिशी उलटलेला बाप्या, आणि आईकडे येतो तो दुधाची बाटली घेऊन. वर मनगटावरचं ते घड्याळ. काळजाचे ठोके मोजतं म्हणे. आईच्या तोंडाकडे बघितलं नसेल तेवढं त्याने त्याच्याकडे बघितलं.

"तुझ्या स्ट्रँडसाहेबाला त्याच्या आईने पूडच पाजून वाढवलं का रे?" तिने विचारलं.

"त्यांना मध्ये आणू नकोस, आई."

मध्ये आणू नकोस म्हणे. ऑर्विन स्ट्रँड जिथे मध्ये नव्हता असं कोल्मा गावात काही उरलं होतं काय? दुसऱ्यांच्या कॉम्प्युटर कंपन्यांत पैसा लावून हा माणूस अब्जाधीश झाला, आणि आता म्हातारपण हा रोग आहे, मरण ही माणसाची आळशी सवय आहे, असं टीव्हीवर सांगत होता. कॉलेजं बंद करा म्हणायचा. कोण निवडून येणार तेही हाच ठरवतो, असं लोक म्हणायचे. दारिओ म्हातारपणावर औषध शोधणाऱ्या त्याच्या प्रयोगशाळेत कामाला होता. आणि कोल्मा म्हणजे मेलेल्यांवर जगणारं गाव. टेकडीभर कबरी, त्यांच्या पायथ्याशी फुलवाले आणि पाथरवट. मरण बंद करायला निघालेल्या माणसाबद्दल या गावाने बोलायचं नाही तर कुणी?

लिनो खाटीक सुरी पुसत म्हणायचा, मरण बंद झालं तर आपल्या फुलवाल्यांनी काय मुळे विकायचे? असला माणूस लोकांचं रक्त पितो, मग दीडशे वर्षं जगेल नाही तर काय. शेजारची टेसी असुंताचे केस कापताना उलटं बोलायची. तिची आई तिकडे फिलिपिन्समध्ये अंथरुणाला खिळलेली. टेसी म्हणायची, सैतान असेना का, औषध काढलं तर त्याच्या नावाने मेणबत्ती लावीन. फादरांनीही नाव न घेता एक प्रवचन झोडलं होतं.

प्रत्येकाचं काहीतरी मत होतं, आणि सगळे ते असुंताला ऐकवायचे, ती दारिओची आई म्हणून. कुणी आवाज चढवून, कुणी हळू करून. दारिओ येतो का, असं मात्र कुणी विचारत नव्हतं. एकदा मटणाचा पुडा हातात आल्यावरही ती लिनोच्या दुकानात उगाच थांबली होती, विचारेल आता कुणीतरी म्हणून. लिनोने विचारलं, आणखी काही देऊ? तिला नको असताना तिने अर्धा पौंड सॉसेज घेतलं.

बाटली रिकामी करून दारिओ ज्यासाठी आला होता त्यावर आला.

नवरा ओत्ताविओ वारला तेव्हा असुंताने कबरीच्या दगडावर त्याचं, आपलं आणि दारिओचं अशी तिघांचीही नावं एकदमच कोरून घेतली होती. त्यांच्यात तशीच रीत होती. नाव, जन्माचं साल, मग आडवी रेघ, आणि रेघेपुढे मरणाच्या सालासाठी कोरी जागा. तेव्हा दारिओ काही बोलला नव्हता. आता ऑफिसातल्या कुणीतरी त्या दगडाचा फोटो सगळ्यांना दाखवला होता, आणि स्ट्रँडसाहेब सगळ्यांदेखत हसले होते: याने तर जागा अडवून ठेवलीय.

"पाथरवटाशी बोललोय मी," दारिओ म्हणाला. "नाव घासून काढता येतं. थोडा खळगा राहील, एवढंच. तुझी सही लागेल."

असुंताने रॅव्हिओलीवर ताट झाकलं आणि कोट चढवला. "गाडी काढ," म्हणाली.

दफनभूमीवर नेहमीसारखं धुकं उतरलं होतं. तिने पिशवीतलं ओलं फडकं काढून दगड पुसला, वरून खाली. आधी ओत्ताविओ, मग ती, मग दारिओ. नवऱ्याच्या नावापुढची जागा भरलेली, बाकीच्या दोन कोऱ्या. आपल्या नावाखाली खळगा कसा दिसेल, हे तिने मनात आणून पाहिलं. वर ओत्ताविओ, जन्मभर घोरत आलेला. खाली कुणीच नाही. आयुष्यभर कुणापुढे न वाकलेली बाई फडकं पिळत बसली, कारण वळली असती तर लेकाला तिचं तोंड दिसलं असतं.

मग वळलीच. दारिओ पायवाटेवर उभा होता. गवतावर पाऊल ठेवलं नव्हतं. दोन बोटं मनगटावर, नजर घड्याळात. बापाच्या शवपेटीवर माती पडली तेव्हाही तो तिथेच उभा होता, त्याच पायवाटेवर. लोकांचे हात हातात घेण्याच्या गडबडीत तिने तेव्हा ते पाहिलं नव्हतं.

"किती ठोके पडतायत?" तिने विचारलं.

त्याने बाही घड्याळावर ओढली. त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता.

असुंता गुडघ्यावर हात टेकून उठली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तू भित्रा आहेस, दारिओ. तुझा साहेब शहाणा की सैतान, ते गावाने ठरवावं, गावाला दुसरं काम नाही. पण त्याच्याकडे तू शिकायला गेला नाहीस, लपायला गेलायस. मी सही करणार नाही. हे नाव मी ठेवलंय, बाप्तिस्म्याला आणि दगडावरही, ते घासायचं नाही. रेघेपुढची जागा तुझी. ती ठेव कोरी, तीनशे वर्षं ठेव, मला आनंदच आहे. पण माझ्या नावापुढचं साल कोरायची वेळ येईल तेव्हा दुसऱ्या कुणाला पाठवायचं नाही. स्वतः यायचं, आणि इथे उभं राहायचं, गवतावर."