येतो वं, चांदी

आमची आजी, सुशिलाबाई, घरातून कधी 'जातो' म्हणून निघाली नाही. दवनीवाड्याच्या बाजारात जायचं असो की दोन घरं पलीकडे, आधी गोठ्यात शिरायची आणि आमच्या म्हाताऱ्या गाईच्या कानाशी तोंड नेऊन म्हणायची, "येतो वं, चांदी." माझ्या तोंडून चुकून 'जातो' निघालं की अंगावरच यायची. "जातो काऊन म्हणतेस, दुर्गेश्वरी? जाणारा वापस येत नाही."

लंगडं कुत्रं, आंधळी मांजर, जे कुणाला नको ते आमच्या ओसरीवर. आजीच्या आधी त्यांची पोटं भरायची. "माणूस मांगून खाते. मुक्यानं कोणाले मांगावं?" बाबा कुरकुरले की हेच ऐकवायची.

दवाखान्यात न्यायच्या दिवशीही ऑटो बाहेर ताटकळत ठेवून, धापा टाकत आजी गोठ्यात गेलीच. "येतो वं, चांदी." परत आली ती चादरीत गुंडाळलेली, आणि अंगणातूनच तिला उचललं. त्या गडबडीत गोठ्याकडे कुणी फिरकलं नाही.

तेव्हापासून चांदीने घोटभर पाण्याशिवाय कशालाही तोंड लावलं नाही. सरकीची ढेप, गूळ, हिरवा चारा, सगळं तसंच पडून. गुरांचे डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, पण अशीच राहिली तर हातची जाईल. मी आजीचं लुगडं नेसून गेले. तिने ते हुंगलं आणि नजर पुन्हा फाटकाकडे. माझं डोकंच फिरलं. आजीपाठोपाठ हिनेही निघायचं म्हणजे काय!

"वाट पाहून राहिली थे," आई दारातून म्हणाली. "येतो म्हणून सांगून गेल्या ना तिले."

तेव्हा मी चांदीचं तोंड दोन्ही हातांत धरलं. घरात इतके दिवस कुणी न उच्चारलेलं मी बोलले. "आजी गेली वं. आता येत नाही." आणि मला जे रडू फुटलं, ते तेरवीलाही फुटलं नव्हतं. घमेल्यात आणलेल्या पेजेत हात बुडवून तिच्यापुढे धरला. बराच वेळ तिने तो नुसता हुंगला. मग चाटला. मग घमेल्यात तोंड घातलं.

माझा जीव भांड्यात पडला. डोळे पुसले, उठले, आणि दाराशी सवयीने तोंडातून निघून गेलंच, "येतो वं, चांदी."

तिने पेजेतून तोंड वर काढलं आणि फाटकाकडे मान वळवली.

मी परत तिच्याजवळ जाऊन बसले.