देवाच्या कोपऱ्यातलं नाणं

तीखोन लुकिचचा पाय सकाळपासून एका जागी ठरत नव्हता. सासूबाईंचं लाकडी घर आज उतरवायचं होतं. दर वसंतात ओब नदी अंगणात शिरायची, म्हणून तेच ओंडके टेकाडावर नेऊन पुन्हा रचायचे ठरले होते. आणि जुन्या घराच्या चारी कोपऱ्यांखाली वाडवडिलांनी काहीतरी ठेवलेलं असतंच.

"दाजी, नुसते नाचताय काय? हात लावा!" मेव्हणा झोसिम पहारीवर रेलून ओरडला.

"लावतो रे! पण हळू, खालचं नाणं चेपेल!"

झारांच्या काळातल्या तांब्याच्या नाण्यांचं तीखोनला वेड होतं, अगदी खुळं वेड. सैबेरियात पाडलेल्या, मुंगसासारखे दोन सेबल असलेल्या नाण्यांचा संच त्याच्याकडे होता, पण त्यातलं सगळ्यांत मोठं, दहा कोपेकचं, तेवढं नव्हतं. त्या एका रिकाम्या खाचेपायी त्यानं अर्धं आयुष्य बाजार पालथे घातले होते.

चुलीकडच्या कोपऱ्याखाली लोकर निघाली. दाराकडे काळं पडलेलं धान्य, तिसरीकडे धुपाचा खडा. आता उरला देवाचा कोपरा, जिथे तसबिरी असत. म्हणजे नाणं तिथेच! तीखोननं स्वतः पहार घेतली. ओंडका कुरकुरला, उचलला गेला, आणि खालच्या भूर्जाच्या सालीत हिरवट, तळहातात मावेल अशी जाड चकती दिसली.

त्यानं बोटानं माती सारली. दोन सेबल! मध्ये ढाल, वर मुकुट!

"दहाचं! झोसिम, दहाचं आहे रे!" तो ओरडला आणि झोसिमच्या चिखलानं माखलेल्या गालाचा मुकाच घेतला.

"अहो, सोडा! लोक बघतायत."

तेवढ्यात सासूबाई, फेव्रोन्या, काठी टेकत आल्या. त्यांनी नाणं त्याच्या हातातून काढून घेतलं आणि सरळ कोबीच्या लोणच्याच्या बरणीकडे वळल्या. "केवढं हिरवं पडलंय! आंबट पाण्यात घासते, लख्ख होईल."

"आई, नको!" तीखोन बरणीला आडवा पडला. "तो हिरवा रंगच तर त्याची उमर आहे! घासलंत तर मी इथंच मरेन!"

"मर की. पण आधी ओंडके वाहून ने," म्हातारी म्हणाली. "आणि ऐक, जावईबापू. हे नाणं घराचं आहे. घर टेकाडावर चाललंय, तर हेही त्याच्याबरोबर कोपऱ्याखाली जाणार."

तीखोनचं तोंड एवढंसं झालं. पुन्हा मातीत? त्यानं घाईघाईनं खिशातलं नवं, चकचकीत नाणं पुढे केलं. "याच्या बदली हे ठेवा ना."

फेव्रोन्यानं ते गवतात भिरकावलं. "यानं तू पाव घेतोस. असल्यावर घर उभं राहतं होय? कोपऱ्याखाली ठेवायचं ते ठेवणाऱ्याच्या जिवाला लागलेलं असावं. माझ्या आजेसासऱ्यानं गाय विकून आलेल्यातलं ठेवलं होतं. आणतोस तसलं काही? आण, मग तुझे सेबल तुझे."

तीखोन सायकल दामटत घरी गेला. पेटी उघडली. महागडी नाणी होती, दुर्मिळ होती. त्यांच्यावरून नजर सरकत सरकत पहिल्या खाचेवर थांबली. राणी येकातेरीनाचं पाच कोपेकचं नाणं, बाजारात ढिगानं मिळणारं. शाळेच्या पहिल्या दिवशी रडू नये म्हणून बापानं मुठीत दिलेलं. तिथून तर सगळं वेड सुरू झालं होतं.

टेकाडावर पहिले ओंडके तयार होते. झोसिमनं कोपरा पहारीनं उचलून धरला. तीखोन गुडघ्यावर बसला, पण त्याची मूठ काही उघडेना.

"दाजी, लवकर! माझी कंबर जाईल!"

"हात कापतोय का रे?" सासूबाईंनी विचारलं.

"कापतोय, आई."

"मग हेच," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

त्यानं नाणं सालीवर ठेवलं. ओंडका धपकन बसला. फेव्रोन्यानं सेबलवालं नाणं त्याच्या हातात दिलं, तसा साठीचा तो बाप्या टेकाडावरून आरोळ्या ठोकत खाली पळत सुटला.

संध्याकाळी बायको रिम्मा पेटीत डोकावली. संच पुरा झाला होता. पहिली खाच मात्र मोकळी होती.

"ह्यातलं पैशाला पासरी मिळतं की. रविवारी घेऊन टाक दुसरं."

"राहू दे," तीखोन म्हणाला. "त्याच्यावर तुझ्या आईचं घर उभं आहे."