सुमनताईंच्या शहरात घरं का उगवेनात

सुमनताईंच्या शहरात एकही घर उगवत नव्हतं आणि योगिनीला त्याचं कारण काही केल्या सापडत नव्हतं.

खरं तर चुका शोधणं हेच योगिनीचं पोटापाण्याचं काम. हिंजवडीच्या एका कंपनीसाठी ती दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्राम तपासायची आणि आठवड्यातले तीन दिवस हे काम पिंपळे गुरवच्या घरात बसूनच चालायचं. तिच्या नजरेतून दोष सुटत नाही, असं तिचे साहेबसुद्धा म्हणायचे. आणि इथे लेकीच्या कॉम्प्युटरवरच्या, शहर वसवायच्या एका खेळानं आणि तो खेळणाऱ्या सासूबाईंनी तिच्या तोंडाला फेस आणला होता.

खेळ तसा सोपा. रस्ता आखायचा. आखला की त्याच्या दोन्ही बाजूंना रिकाम्या चौकोनांच्या रांगा उमटतात. त्यांत हिरवा रंग भरला की तिथे राहती घरं, निळा भरला की दुकानं, पिवळा भरला की कारखाने. रंग भरून आपण गप्प बसायचं. बाकीचं माणसं येऊन करतात. दहा वर्षांच्या प्राजक्ताला हे अर्ध्या तासात जमलं होतं.

सासूच्या हाती हा खेळ देण्यामागे योगिनीचा डाव होता, हे सांगून टाकलेलं बरं. घरासमोरचा रस्ता रुंद होणार होता आणि त्यात पुढची खोली जाणार होती. पुढची खोली गेली की मागे उरतं ते स्वयंपाकघर आणि मोरी. म्हणून योगिनी आणि तिचा नवरा निरंजन यांनी रावेतला दोन बेडरूमचा फ्लॅट बघून ठेवला होता. सगळं जुळून आलं होतं, फक्त जागा देऊन महापालिकेकडून मोबदला घ्यायच्या संमतीच्या कागदावर सुमनताईंची सही हवी होती, कारण सासरे चिमाजी गेल्यापासून घर त्यांच्या नावावर होतं. शनिवारी कागद द्यायचा आणि सुमनताई ना हो म्हणत ना नाही. “मला कळंना झालंय. कळलं की करते सही,” एवढंच त्यांचं पालुपद. आता काय कळेना, तेही सांगत नव्हत्या. निरंजन दोनदा चिडला आणि तिसऱ्यांदा गप्प बसला. तेव्हा योगिनीच्या डोक्यात आलं की बाईंना एकदा शहर चालवायला देऊ. गाड्या तुंबल्या, रस्ते लाल झाले की त्यांचं त्यांनाच पटेल.

पण गाड्या तुंबायला आधी माणसं यायला हवीत ना! सोमवारपासून सुमनताई दुपारचं जेवण आटोपून, चष्मा लावून कॉम्प्युटरसमोर बसत होत्या. रस्ते त्यांनी झकास आखले होते, सरळ, चौकात नीट मिळणारे. हिरवा रंगही भरला होता. आणि गुरुवार उजाडला तरी शहराची लोकसंख्या शून्य.

“आई, वीज जोडलीय का?”

“जोडली की. त्या पवनचक्क्या कोन फिरवतंय मग?”

वीज होती. पाणी होतं. सांडपाण्याची नळी नदीत खालच्या अंगाला सोडली होती, पाणी वरच्या अंगानं घेतलं होतं. पहिल्या फटक्यात हे बरोबर करणारं योगिनीच्या माहितीत दुसरं कुणी नव्हतं. घरांना मागणी किती आहे ते दाखवणारी हिरवी पट्टी काठोकाठ भरलेली. म्हणजे लोक यायला तयार होते, दारात उभे होते, आणि आत येत नव्हते. योगिनीनं खेळ बंद करून पुन्हा चालू केला. नवीन आवृत्ती उतरवली. इंटरनेटवर जगभरच्या लोकांची रडगाणी वाचली. कुणी म्हणे रस्ता मुख्य हमरस्त्याला जोडा. तो जोडलेला होता. मंगळवारी तर तिनं सासूच्या नकळत दोन गल्ल्या स्वतः रंगवल्या, तर पाच मिनिटांत तिथे बारा घरं उभी. आणि बुधवारी बघते तो ती घरं गायब, गल्ल्या पुन्हा ओसाड! तिला वाटलं, आपल्यालाच वेड लागतंय.

गुरुवारी दुपारी तिनं ऑफिसची मीटिंग लवकर आटोपली आणि खुर्ची ओढून सासूच्या शेजारीच बसली. “रंगवा आई. मी नुसती बघते.”

सुमनताईंनी माउस घट्ट धरला आणि रांगोळी काढावी तशा सावकाश रंग भरायला लागल्या. रस्त्याला लागून असलेली पहिली रांग त्यांनी सोडली. दुसरी सोडली. तिसऱ्या रांगेपासून हिरवा रंग सुरू केला. रस्त्याच्या त्या बाजूलाही तसंच.

“अहो आई! ह्या दोन रांगा का सोडल्या?”

“सोडायच्या असत्यात.”

“नाही हो, घर रस्त्याला टेकलं पाहिजे. टेकलं नाही तर त्यांना यायला वाटच नाही. म्हणून तर कुणी येत नाहीये! आणि माझी ती बारा घरं?”

“ती तू केलतीस व्हय? मी म्हनलं कोनी येड्यानं रस्त्याला चिकटून बांधली. पाडली मी. लेकराबाळांची मानसं आत्ताच दुसरीकडं गेलेली बरी.”

योगिनीला हसावं की कपाळाला हात लावावा ते कळेना. “पण का?”

सुमनताईंनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. एवढी शिकलेली सून आणि हेही सांगावं लागतं, असा चेहरा. “अगं, रस्ता वाढतो. आज ना उद्या वाढतोच. आमी बार्शीहून हितं आलो तवा ही नुसती बैलगाडीची वाट व्हती. ह्यांनी गुंठा घेतला, पुढं ओटा बांधला. पयल्यांदा रस्ता वाढला, ओटा गेला. दुसऱ्यांदा पडवी गेली. आता खोली चाललीय. म्हनून म्हनलं, ह्या लोकांना आधीच दोन रांगा मागं सरकून जागा द्यावी. पुढच्याला ठेच, मागचा शहाना.”

चार दिवस मीटर, नळ आणि इंटरनेट धुंडाळणाऱ्या योगिनीनं ही शक्यता कुठल्याच यादीत लिहिलेली नव्हती. कुठल्याच यादीत ती बसलीही नसती. तिला सासूबद्दल एकदम माया वाटली आणि पाठोपाठ स्वतःची लाजही वाटली, कारण ह्या घरात अकरा वर्षं राहून ओटा आणि पडवीची गोष्ट ती आज पहिल्यांदा ऐकत होती.

“ह्या खेळात रस्ता आपोआप वाढत नाही आई,” ती हळूच म्हणाली. “तुम्ही वाढवलात तरच वाढतो.”

“मीच? दुसरं कोनी न्हाई?”

“दुसरं कुणी नाही.”

“मग मी कशाला वाढवतीय!” म्हणत सुमनताईंनी भराभरा पुढच्या रांगा रंगवल्या, आणि मग काय विचारता! ट्रक आले, घरं उभी राहिली. सुमनताई एकेका घरावर टिचकी मारून कोण राहायला आलंय ते बघायच्या. खेळातली ती परदेशी नावं त्यांना वाचता येत नव्हती, म्हणून त्यांनी आपलीच नावं ठेवली. ही छबूबाई, ही शालनबाई, हा गणराज, ह्याचं लगीन व्हायचंय. तासाभरात लोकसंख्या नऊशेवर गेली. योगिनीनं चहा करून आणला तो त्यांनी गार करून प्यायला.

आणि मग, योगिनी चार दिवस ज्याची वाट बघत होती, ते झालं. मधला रस्ता लाल झाला. गाड्यांची रांग चौकापर्यंत. अडकलेल्या रुग्णवाहिकेचा दिवा नुसता फिरतोय.

“आता गं?”

“आता रुंद करायचा,” योगिनी म्हणाली. आवाज शक्य तितका सहज ठेवला होता. “हे बटण. मग रस्त्यावरून माउस फिरवायचा.”

सुमनताईंनी फिरवला. रस्त्याकडेची घरं एकामागून एक लालभडक झाली. एक, दोन, तीन, सात. बटण दाबलं की पडणार होती. त्यांचं बोट तिथेच थांबलं.

“ह्यात छबूबाईचं हाय.”

“हो. पण बघा ना, रुग्णवाहिका अडकलीय.”

“ते दिसतंय मला. रस्ता लागनार, ते मला आधीपास्नं कळतंय. मी काय आंधळी हाय?” सुमनताई जरा चिडूनच म्हणाल्या. “मला एवढंच सांग, ही बाई जानार कुठं?”

खेळात ती माणसं कुठे जातात? घर पडतं, आकडा कमी होतो, बस. “ते दाखवत नाहीत,” योगिनी म्हणाली.

“तुला पन ठाऊक न्हाई?”

“नाही.”

“आनि रावेतचं?” सुमनताईंनी स्क्रीनवरची नजर काढली नाही. “तू नकाशा दाखवलास मोबाइलवर. एक खोली तुमची. एक प्राजक्ताची, अभ्यासाला. मी लई डोकं लावलं, पुन्हा पुन्हा आठवून बघितलं. माझी कंची, ते काय मला कळंना. विचारायचं कसं, म्हनून गप ऱ्हायले.”

तो नकाशा योगिनीनं पन्नासदा बघितला होता. स्वयंपाकाचा ओटा किती फूट, कपाट कुठे, प्राजक्ताच्या टेबलावर उजेड कुठल्या बाजूनं, सगळं तोंडपाठ. पण सासूबाई झोपणार कुठे, हा प्रश्न तिलाही पडला नव्हता आणि निरंजनलाही. आता तिनं मनातल्या मनात सगळा फ्लॅट फिरून बघितला, दारापासून गॅलरीपर्यंत, आणि तिला कुठेच जागा दिसेना.

तेवढ्यात निरंजन आला. चाकणहून पहिली शिफ्ट करून, कंपनीच्या बसमधून अर्धवट झोपेतच उतरलेला. डबा स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवत त्यानं विचारलं, “झाली का आईची सही?”

“आई विचारतायत, तिकडे त्यांची खोली कुठली,” योगिनी म्हणाली.

“त्यात काय एवढं? हॉलमध्ये दिवाण टाकू. दिवसा सोफा, रात्री पलंग. आईला कुठं एवढी जागा लागते?” बोलता बोलता तो मोरीत शिरला. माणूस वाईट नव्हता. थकला होता आणि खरंच त्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

मोरीतून पाण्याचा आवाज येऊ लागला. सुमनताईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि पुन्हा घातला.

“व्हय का,” त्या म्हणाल्या. “मग असं सरळ सांगायचं की गं आधीच. मी आपली उगीच इतके दिवस त्या रस्त्याच्या नावानं खडे फोडत बसले.” त्यांनी हात पुढे केला. “कळलं मला. आन तो कागद.”

कागद शेजारच्या कपाटावरच होता, पेनसकट. योगिनी जागची उठली नाही.